हिवाळ्यात माल्टा: पाच-सहा दिवसांच्या सहलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माल्टा हिवाळ्यात बंद असतं का?

नाही. ग्रीसची बरीच लहान बेटं नोव्हेंबरात शटर ओढून घेतात, तसं इथे होत नाही. जेमतेम ३१६ चौरस किलोमीटरचा हा देश बारा महिने भरलेला असतो. ऑफिसं, शाळा, बस, बाजार सगळं चालू. बंद पडतं ते समुद्रकाठचं: लाटांजवळची हॉटेलं, कॉमिनो या चिमुकल्या बेटावरच्या ब्ल्यू लगूनच्या बहुतेक बोटी, गोझो या शेजारच्या बेटावरच्या मार्साल्फोर्न आणि श्लेन्दी या गावांतली अर्धीअधिक खाणावळींची दारं.

म्हणून बेत आखताना एकच वर्गवारी डोक्यात ठेवा. दगडाची ठिकाणं (राजधानी व्हॅलेटा, इम्दिना हे जुनं तटबंदीचं गाव, मंदिरं, किल्ले, चर्च) वार ठरवून पक्की करा आणि पाण्याची ठिकाणं (बोटी, गुहा, गोझो) मोकळी ठेवा. हिवाळी माल्ट्यात वेळापत्रक वारा ठरवतो.

थंडी किती असते?

जानेवारी-फेब्रुवारीत दुपारी १५-१६ अंश, पहाटे ९-१० अंश. आकडा वाचून पुणेकर म्हणतील, ही तर आमची डिसेंबरातली सकाळ. आकडा खरा आहे, पण त्यात वारा आणि ओल धरलेली नाही. आणि खरी थंडी रस्त्यावर नसते, घरात असते.

इथली घरं ग्लोबिजेरिना नावाच्या मऊ, मधाळ रंगाच्या चुनखडीची. हा दगड पाणी पितो. भिंती जाड, फरशी थंड, छत उंच, आणि जुन्या घरांत युरोपातल्यासारखं सेंट्रल हीटिंग बहुधा नसतंच. उन्हाळ्यात जे घर वरदान वाटतं ते जानेवारीत माठासारखं गार पडतं. दुपारी बाहेर उन्हात शर्टावर फिरणारी माणसं संध्याकाळी घरात जाकीट घालून बसलेली दिसतात, त्याचं कारण हे.

मग राहण्याची जागा निवडताना काय विचारायचं?

बुकिंग करण्याआधी मालकाला या गोष्टी लिहून विचारा:

- एसी गरम हवाही देतो का, आणि झोपायच्या खोलीत आहे की फक्त हॉलमध्ये?
- विजेचं बिल भाड्यात आहे की मीटरप्रमाणे वेगळं? काही ठिकाणी ठरावीक युनिटांपुढे पैसे आकारतात. हिवाळ्यात ती मर्यादा दोन दिवसांत ओलांडते.
- डीह्युमिडिफायर आहे का? हवेतली ओल ओढून घेणारं हे यंत्र इथे चैनीचं नाही. रात्रभर लावलं की सकाळी त्याच्या टाकीत तांब्या-दोन तांबे पाणी साठलेलं दिसतं. ते नसेल तर धुतलेले मोजे तीन दिवस वाळत नाहीत.
- खोली तळमजल्यावर आहे का? जुन्या घरातला तळमजला टाळा. वरचा मजला आणि दक्षिणेची खिडकी मिळाली तर उत्तम.

गीझरचं बटण बऱ्याचदा बाथरूमच्या बाहेर असतं आणि पाणी तापायला अर्धा-पाऊण तास लागतो, हेही आल्या आल्या विचारून घ्या. चौघांच्या कुटुंबाने एकापाठोपाठ एक आंघोळी उरकल्या की चौथ्याला गार पाणी येतं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी व्हॅलेटा किंवा स्लीमा इथे राहावं. व्हॅलेटात बसचं मुख्य स्थानक आहे आणि पाऊस आला तरी पायी जाता येतील अशी दहा ठिकाणं आहेत. बुजिब्बा स्वस्त पडतं, पण तिथून सगळीकडे जायला बसमध्ये पाऊण-एक तास मोडतो. ऑगस्टच्या मानाने भाडी बरीच उतरतात, कित्येक ठिकाणी निम्म्यावर. अपवाद नाताळ ते नववर्षाच्या आठवड्याचा.

कोणता महिना बरा?

पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च पडतो आणि नोव्हेंबर-डिसेंबरात त्याचा जोर असतो. आपल्यासारखी संततधार नसते. तासभर धो धो पडतो आणि थांबतो. पण निचरा कमी असल्याने तेवढ्यात इम्सीदा आणि बिर्किर्कारा इथले सखल रस्ते ओढ्यासारखे वाहू लागतात. बस तेव्हा वळवतात किंवा अडकून पडतात. विमानतळावर निघायच्या दिवशी असं आभाळ असेल तर तासभर आधी निघा.

डिसेंबरात दिवस लहान, सूर्य पाचच्या आत मावळतो. फेब्रुवारीच्या शेवटी तो सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे रोज तासभर जास्त हाताशी येतो. आमचं मत विचाराल तर फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा मध्य. तेव्हा बेट हिरवं असतं. उन्हाळ्यात इथे करपलेली पिवळी जमीन दिसते, आणि हिवाळ्यात दगडी बांधांच्या मधल्या शेतांत पिवळ्या फुलांचा नुसता गालिचा. ही फुलं आपल्या कुंडीत उगवणाऱ्या आंबुशीच्या थोरल्या बहिणीची. पान तसंच तीन बदामांचं, देठ चावला तर तसाच आंबट. मूळची दक्षिण आफ्रिकेची ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या वनस्पती उद्यानात आली आणि तिथून निसटून भूमध्य समुद्राभोवती पसरली. माल्टीज लोक तिला ‘इंग्रजी तण’ म्हणतात.

व्हिसा कसा आणि कधी काढायचा?

माल्टा डिसेंबर २००७ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावा लागतो. निकालाला साधारण १५ दिवस, पण गुंतागुंत झाली तर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतात. फेब्रुवारीत जायचं तर नोव्हेंबरात अर्ज टाका.

अर्ज अडतात ते बहुधा या कारणांनी:

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध हवा, दहा वर्षांच्या आत दिलेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. विमा ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा, तारखा निघण्यापासून परतण्यापर्यंत. विमान मध्यरात्री पोहोचत असेल तर विम्याचा एक दिवस कमी पडतो, ही चूक फार वेळा होते. बँक खात्यात अर्जाच्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम जमा झाली तर ती कुठून आली हे पत्रात लिहा. मोघम बेत देऊ नका. कोणती रात्र कोणत्या गावात हे हॉटेलच्या आरक्षणाशी जुळलं पाहिजे.

माल्ट्याबरोबर रोमही करायचं असेल तर ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज. रात्री समसमान असतील तर जिथे आधी पाय ठेवाल त्या देशाकडे.

आम्ही जर्मनीत राहतो. लंडनहून किंवा दुबईहून येणाऱ्यांचं काय?

शेंगेन देशाचं निवासपत्र वैध असेल तर वेगळा व्हिसा नको. निवासपत्र आणि पासपोर्ट दोन्ही जवळ ठेवा. ब्रिटन किंवा अमिरातीत राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांना मात्र व्हिसा लागतोच. तो राहत्या देशातूनच काढायचा.

मुंबईहून कसं पोहोचायचं?

कुठे तरी विमान बदलूनच: इस्तंबूल, दुबई, रोम किंवा फ्रँकफुर्ट. रोम-फ्रँकफुर्टमार्गे गेलात तर इमिग्रेशन तिथेच होतं आणि माल्ट्यात देशांतर्गत विमानासारखं उतरता. नव्या युरोपीय नोंदणी पद्धतीत, म्हणजे ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या ईईएसमध्ये, पहिल्या प्रवेशाला बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. त्या रांगेसाठी पुढच्या विमानापर्यंत निदान तीन तास ठेवा. दीड तासाचं स्वस्त कनेक्शन पाहून मोहात पडू नका.

हिवाळ्यात घड्याळ भारताच्या साडेचार तास मागे. प्लग तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा. आपला गोल पिनांचा चार्जर बसत नाही, अ‍ॅडाप्टर घरूनच न्या.

गाडी भाड्याने घ्यावी का?

वाहतूक डाव्या बाजूने आहे, त्यामुळे आपल्याला सवय करावी लागत नाही. तरी मुख्य बेटावर घेऊ नका. रस्ते अरुंद, गर्दी भरपूर, आणि व्हॅलेटा-स्लीमात पार्किंग शोधण्यात अर्धी सकाळ जाते. गोझोत मात्र एक दिवस गाडी उपयोगी पडते, कारण तिथे बसची वारंवारिता कमी. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या.

बसचं दोन तासांचं तिकीट दोन-अडीच युरोंचं. ड्रायव्हरकडे मिळतं किंवा कार्ड टेकवून होतं. रोज तीन-चार फेऱ्या होणार असतील तर सात दिवसांचं एक्सप्लोर कार्ड घ्या. विमानतळावरून एक्स अक्षराने सुरू होणाऱ्या बस सुटतात: एक्स ४ व्हॅलेटाकडे, एक्स २ स्लीमा-सेंट जूलियन्सकडे, एक्स १ थेट उत्तर टोकाला चिरकेव्वा धक्क्यापर्यंत.

थांब्यावर उभं राहिलं की बस आपोआप थांबेल असं समजू नका. हात करावा लागतो, एसटीला करतो तसा. आणि भरलेली बस हात केला तरी थांबत नाही. संध्याकाळी इम्दिनाहून परतताना हे हमखास घडतं, म्हणून बोल्ट किंवा ईकॅब्सचं टॅक्सी अ‍ॅप फोनमध्ये असू द्या.

वाऱ्याचं काय ते सविस्तर सांगाल?

तीन वारे ओळखून ठेवा. वायव्येचा माज्जिस्त्राल वर्षभर असतो, हिवाळ्यात बोचतो. ईशान्येचा ग्रिगाल खरा दांडगा. व्हॅलेटाच्या ग्रँड हार्बरचं तोंडच ईशान्येला असल्याने तो सरळ आत घुसतो आणि बंदरातल्या छोट्या फेऱ्या बंद पाडतो. तिसरा आग्नेयेचा श्लोक. संस्कृताशी संबंध नाही, हा सिरोको. तो सहारातली धूळ आणतो. त्यात पाऊस पडला की गाड्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि चष्म्यावर लालसर चिखलाचे ठिपके उमटतात.

नियम सोपा: वाऱ्याच्या पाठीला जा. उत्तरेकडून वारा असेल तर दक्षिण किनारा शांत असतो. त्या दिवशी हाजार ईम आणि इम्नायद्रा ही मंदिरं, ब्ल्यू ग्रोटो या समुद्रगुहांच्या बोटी, दिंग्लीचे कडे करा. दक्षिणेचा वारा असेल तर ब्ल्यू ग्रोटोचा नाद सोडा आणि उत्तरेकडे वळा. अंदाज विमानतळाच्या हवामान कार्यालयाचा पाहा. त्यात वारा ‘फोर्स’मध्ये देतात. फोर्स ५ च्या पुढे लहान बोटींची आशा धरू नका.

या समुद्राची ताकद पाहायची असेल तर गोझोतल्या द्वेय्राला जा. तिथली अझुर विंडो ही प्रचंड दगडी कमान ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली. जुन्या फोटोंवर विसंबून ती शोधत येणारे अजूनही असतात. जवळचं इनलँड सी आणि कडे मात्र जागच्या जागी आहेत.

पायी भटकंतीला हिवाळा चांगला का?

हाच चांगला. उन्हाळ्यात दहानंतर चालवत नाही. दिंग्लीच्या कड्यांवरून (सुमारे २५० मीटर उंच) बुस्केटच्या झाडीपर्यंतची वाट, किंवा बेट आडवं कापणारी सुमारे १२ किलोमीटरची व्हिक्टोरिया लाइन्स ही ब्रिटिशकालीन तटबंदी.

दोन सावधगिऱ्या. आइन तुफ्फीहा आणि गोझोच्या रामलाजवळचे उतार निळ्या मातीचे आहेत. पावसानंतर ही माती बुटाला चिखलाच्या विटेसारखी चिकटते आणि पाय घसरतो, तेव्हा एक कोरडा दिवस जाऊ द्या. दुसरं म्हणजे बंदुकीचे आवाज. पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम ३१ जानेवारीपर्यंत असतो. शेतातल्या दगडी आडोशांजवळ जाऊ नका, रुळलेली वाट सोडू नका. फेब्रुवारी सुचवण्यामागे हेही एक कारण आहे.

व्हॅलेटातली चुनखडीची फरसबंदी शतकानुशतकं पाय लागून गुळगुळीत झाली आहे. ओली झाली की साबण लावल्यासारखी निसरडी. घासलेल्या तळव्याचे स्पोर्ट्स शूज इथे कामाचे नाहीत.

हायपोजियमचं तिकीट मिळत नाही. काय करू?

हाल साफ्लिएनीचं हायपोजियम म्हणजे खडकात तीन स्तर खोदलेली, पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची दफनभूमी. श्वासातल्या ओलीने आणि कार्बन डायऑक्साइडने आतली लाल रंगाची चित्रं खराब होतात, म्हणून एका वेळी १० माणसं, दिवसाला सुमारे ८०. उन्हाळ्यात महिने आधी भरतं, हिवाळ्यात तीन-चार आठवडे आधी मिळण्याची शक्यता चांगली. म्हणून क्रम असा ठेवा: व्हिसा हातात आला की पहिलं हे तिकीट, मग बाकी सगळे दिवस त्याभोवती.

ऑनलाइन संपलं असेल तर आदल्या दिवशी थोडी तिकिटं जास्त दराने प्रत्यक्ष विकतात. त्यासाठी सकाळी लवकर रांगेत उभं राहावं लागतं. सहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, फोटो काढता येत नाहीत, उशिरा पोहोचलात तर पैसे गेले. हेरिटेज माल्टा या सरकारी वारसा संस्थेच्या एकत्रित पासमध्ये हे ठिकाण येत नाही.

अगदीच नाही मिळालं तर व्हॅलेटाच्या पुरातत्त्व संग्रहालयात तिथेच सापडलेली ‘निद्रिस्त स्त्री’ बघा. जेमतेम १२ सेंटिमीटरची, तळहातावर मावेल एवढी मातीची मूर्ती: कुशीवर झोपलेली, एक हात डोक्याखाली, खालच्या पलंगाला तिच्या वजनाने बाक आलेला. घाई करू नका, तिच्यासमोर पाच मिनिटं थांबा.

पावसाच्या दिवशी काय?

सेंट जॉन्स को-कॅथीड्रल. आतली जमीन म्हणजे सेंट जॉनच्या धर्मसंघातल्या सरदारांच्या संगमरवरी थडग्यांची चित्रफरशी, म्हणून टोकदार टाचांना मनाई. इटालियन चित्रकार कॅराव्हॅज्जिओने १६०८ साली काढलेलं ‘सेंट जॉनचा शिरच्छेद’ हे चित्र इथेच आहे. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र, आणि सही आहे ती मानेतून वाहणाऱ्या रक्तात. रविवारी पर्यटकांना प्रवेश नसतो. त्याला जोडून लास्कारिसच्या भुयारातल्या युद्धकाळातल्या खोल्या आणि सेंट एल्मो किल्ल्यातलं संग्रहालय.

उघडीप मिळाली तर दुपारी बारा वाजता अप्पर बाराक्का बागेत तोफेची सलामी पाहता येते. हेरिटेज माल्टाची ठिकाणं २४, २५, ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला सहसा बंद असतात.

हिवाळ्यात सण-उत्सव असतात का?

१० फेब्रुवारीला संत पॉलच्या जहाजफुटीचा उत्सव. व्हॅलेटात पुतळ्याची मिरवणूक निघते आणि गॅलऱ्यांमधून कागदाचे कपटे पावसासारखे उधळतात. दिवस सार्वजनिक सुट्टीचा, दुकानं बंद. लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या आधी कार्निव्हल. गोझोतल्या नादूर गावातला कार्निव्हल आयोजकांशिवाय, मुखवट्यांचा आणि चावट असतो. त्या दिवसांत गोझोत खोली आधी घ्या. डिसेंबरात घराघरांतून आणि चर्चमधून येशूजन्माचे देखावे मांडतात, आपल्याकडच्या गणपतीच्या आराशीइतक्याच हौसेने.

शाकाहारी माणसाचं भागतं का?

भागतं, विचारून खाल्लं तर. पास्तिझ्झी हा इथला वडापाव: खारीसारखे पापुद्रे, आत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण, भट्टीतून निघताच कागदात. मधोमध फट असेल तो रिकोटाचा, कडेने शिवलेला तो वाटाण्याचा. कडक शाकाहारी असाल तर पिठात चरबी आहे का आणि वाटाण्यात मांस आहे का हे विचारा. फ्तीरा या चपट्या पावात ट्यूना न सांगता घालतात, तो आधीच नको म्हणा. बिगिल्ला ही वालासारख्या बाकल्याच्या दाण्यांची लसणी चटणी निर्धोक. खजुराचं सारण भरून तळलेले इमारेत गरम असतानाच खा.

भारतीय लोक आता इथे कामानिमित्त बरेच आहेत, त्यामुळे डाळ, पीठ, मसाले विकणारी दुकानं सापडतात. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, पण बरंचसं समुद्राचं गोडं केलेलं असल्याने चव मचूळ. चहा बिघडतो. बाटलीवर १० सेंट अनामत असते, रिकामी बाटली मशिनमध्ये टाकून परत मिळते.

भाषेची अडचण येते का?

इंग्रजी राजभाषाच आहे. अडचण गावांच्या नावांची. पाटीवर रोमन एक्स दिसला की ‘श’ वाचा: मार्साश्लोक. क्यू बहुधा घशातच विरतो. माल्टीज ही अरबी कुळातली, त्यामुळे ओळखीचे चेहरे भेटतात: ‘दिन्या’ म्हणजे दुनिया, ‘सेना’ म्हणजे वर्ष, आपल्या ‘सन’चं भावंड. नववर्षाला ‘इस्सेना त्तायबा’ म्हणून बघा, दुकानदार खूश होतो.

गोझो एका दिवसात होतं का? शेवटची रात्र तिथे काढली तर?

एका दिवसात जिगान्तियाची मंदिरं, व्हिक्टोरियाचा किल्ला आणि द्वेय्रा होतात. चिरकेव्वाहून मोठी फेरीबोट २५ मिनिटांत नेते, रात्रीही चालते. जाताना तिकीट नसतं, परतताना माणशी ४.६५ युरो घेतात. व्हॅलेटाहून थेट जाणारी वेगवान फेरी पाऊण तासाची, पण ती वाऱ्याला लवकर हार मानते. जाताना मोठ्या फेरीने जा, आणि परतताना समुद्र शांत असेल तर वेगवान घ्या. म्हणजे एकच तिकीट पडतं.

शेवटची रात्र तिथे काढू नका. वारा फारच चढला तर मोठी फेरीही काही तास थांबते, आणि विमानतळ समुद्राच्या या बाजूला आहे. गोझो दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी करा, म्हणजे हुकलं तर आणखी एक-दोन दिवस हातात राहतात.